कच्च्या नूडल्सचा नेम

—नको हो भाऊ, ही झुकिनी वाकडी आहे. शिजवायची असती तर कशीही चालली असती, पण मला तिच्या नूडल्स करायच्यात — हसू नका! कच्च्या नूडल्स. भाचीनं एक यंत्र दिलंय. पेन्सिलीला टोक करतो ना, तशी त्यात भाजी खुपसून फिरवायची, की लांबच लांब दोरे पडतात. वरून शेंगदाण्याचं वाटण, लिंबू, झालं. तीन आठवडे आमची शेगडी बंद आहे. गॅस संपला नाही हो, नेम आहे माझा.

कशाचा म्हणता? घरातलं बाजारात सांगू नये — पण तुम्ही काय परके थोडेच! आमच्या चिरंजिवांनी साफसफाई करताना ह्यांचा रेडिओ भंगारात दिला. अकरा वर्षं बंद होता तो. पण ह्यांचं म्हणणं, बंद असला म्हणून काय झालं, होता ना! तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद. चार महिने! एकाच खोलीत बसून, ‘आई, बाबांना सांग, त्यांचा पाय माझ्या चपलेवर आहे’ — आणि पाय तिथंच. मी आपली पोस्टमन. शेवटी एके सकाळी हात जोडले, म्हटलं, देवा, हे दोघं एका ताटात जेवत नाहीत तोवर ह्या घरात कुणी विस्तवावरचं खाणार नाही. म्हणायचं होतं ‘मी’, तोंडून निघालं ‘कुणी’! आता देवाला दिलेला शब्द परत कसा मागायचा?

आणि दोघांचा जीव कशात, तर नूडल्समध्ये. म्हणून हा खटाटोप. काकडीच्या केल्या — पाच मिनिटांत ताटात तळं, दोरे पोहायला लागले. गाजराच्या केल्या, तर ह्यांची कवळी त्यात गुंतून बाहेर आली. बिटाच्या केल्या — शेजारीण दारातून डोकावली ती किंचाळलीच. मग मुळा. अहो, काय तो वास! पण गंमत तिथंच झाली. एक घास घेतला नि हे पोराला म्हणाले, ‘खिडकी उघड.’ सरळ त्याला! मला मध्ये न घेता! आणि त्यानं उघडली हो. मी आत जाऊन देवापुढे रडले.

परवा लाल भोपळ्याच्या जरा बऱ्या झाल्या, तर दोघं आपापल्या कोपऱ्यात मुकाट गिळत बसले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला — चांगली भाजी उपयोगाची नाही! खरं सांगू का भाऊ, राहू द्या ती झुकिनी. तुमच्याकडे सगळ्यात वाईट काय आहे? जून, उग्र, चावता चावेना असं? चिडू नका, मालाला नावं नाही ठेवत तुमच्या. तो खालचा मुळा दाखवा. अगंगं! हाच. दोन किलो द्या. देव मला क्षमा—

थांबा. समोर ती नूडल्सची गाडी — तिथं पाठमोरे उभे, ते हेच ना? तो स्वेटर मीच विणलाय, एक बाही लांब झालीय. आणि शेजारी... अगं बाई! विस्तवावरचं! धूर निघतोय! मोडला माझा नेम, मोडला — आणि बशी एकच? एकाच बशीत दोघं! ताट काय नि बशी काय... मग नेम मोडला की पुरा झाला? घास आधी तोंडात गेला की बशी आधी एक झाली? जाऊ दे, देव काही एवढा चिकित्सक नसेल. पोरगा काहीतरी सांगतोय नि हे हसताहेत. खांदे बघा कसे हलताहेत. माझ्या मुळ्यालाच हसत असणार, लबाड.

घ्या हा मुळा परत. कोबी द्या, सिमला मिरची द्या, आज शेगडी पेटवते. पोटं भरून येतील, तरी खावं लागेल दोघांना, आणि मी एका शब्दानं विचारणार नाही. भरा लवकर पिशवी. आणि तिकडे बघू नका हो, कळेल त्यांना — कोबीकडे बघा. कोबीकडे!