वय झालं तिचं

अंबडच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक नवरा-बायको बोलत होते.

"कंडक्टर मला आजी म्हणला. वजन उतरलं अन् गालाची कातडीच लोंबायली माझी."

"म्हणू दे, शालू."

"लग्नात समदे इचारतील, ही एकदम म्हातारी कशी दिसायली?"

"मंग मी सांगतो."

"काय सांगता?"

"डॉक्टर म्हणले, वजन उतरल्याबिगर नवऱ्याला किडनी देता येणार न्हाई. हिनं वरीसभर भूक मारली, अन् मला किडनी दिली."

"बिलकुल सांगू नका. लोक तुमच्याकडंच बघत बसतील."

"मंग काय सांगू?"

"सांगा, वय झालं तिचं."

"आन् माझं?"

"तुमचं आता कुठं सुरू झालं."