दहापैकी चार, पालकांना घेऊन यावे

हॅलो?… हॅलो, कोण?… मोठ्यानं बोला, मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं… उजव्या कानाला? उजव्या कानाला फोनची सवय नाही.

संशोधन? कसलं?… मनाचं? नको हो बाई, मला मन वगैरे काही घ्यायचं नाही. आहे त्याचाच उपयोग होत नाही… विकत नाही? बरं, बरं. विचारा.

हो, मीच तो. निवृत्त मुद्रितशोधक. म्हणजे मजकूर छापायच्या आधी दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. अडतीस वर्षं काढल्या… हो, दुसरा मजला. तुम्हाला कुणी सांगितलं?

कुणी?

वरच्या मास्तरांनी? अहो बाई, तुमचा नंबर चुकलाय… नंबर बरोबर असेल तर मास्तर चुकलेत… काय? पुन्हा म्हणा… 'दुःखात, अडचणीत, घाबरल्यावर आधी कोणाकडे जाल?'… याच्यापुढे माझं नाव लिहिलं?

थांबा. खुर्ची ओढतो.

हं. काहीतरी घोळ आहे. पाच नावं लिहायची होती ना? मग मी पाचवा असेन, जागा भरायला… एकच लिहिलं? आणि खालच्या चार ओळी?… रेघ मारली. पट्टी घेऊन मारली असेल… बघा. मला माहीतच होतं.

अहो, ऐका ना. नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नाही. चकार शब्द नाही. जिन्यात समोर आले तर मी भिंतीकडे बघतो, ते कठड्याकडे… 'किती वेळा बोलता' इथं काय लिहिलंय?… रोज?

अहो, त्या चिठ्ठ्या! चिठ्ठ्यांना बोलणं म्हणतात होय तुमच्यात? सकाळी ते माझ्या दारावर तक्रार चिकटवतात. दुपारी मी ती तांबड्या शाईनं तपासून, खाली उत्तर लिहून, त्यांच्या दारावर परत चिकटवतो… हो, रोज. रविवारी माझी सुट्टी. ते रविवारीही लिहितात.

भांडण कशावरून? हेही तुमच्या फॉर्मात आहे?… नाही ना? मग जाऊ द्या…

आता हे बघा, नऊ वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. वहिनी. माझ्या घरची एक किल्ली कायम त्यांच्याकडे असायची. मास्तरांनी इमारतीच्या खालच्या सूचनाफळ्यावर खडूनं लिहिलं, 'दिर्घ आजाराने निधन झाले.' दीर्घ हा शब्द, बाई, ऱ्हस्व! पहिली वेलांटी! आणि हे भाषेचे मास्तर! दोनदा येता-जाता पाहिलं, सोडून दिलं. तिसऱ्यांदा हात गेलाच. पहिलीची दुसरी केली… नाही, कुणाला सांगितलं नाही. बाजूला फक्त बरोबरची खूण केली. छोटीशी… सवय हो… हो. ते मागेच उभे होते.

…ऐकतोय… हं… दुःखात माणसाचं लक्ष ठिकाणावर राहत नाही, हाताखालून चुका जातात. बरोबर. हे शोधायला तुम्हाला किती वर्षं लागली?… सहा? हुशार आहात. मला नऊ लागली.

त्यांनी सही दिलीय मला सांगायला? मग बोला… दहा शब्द वाचून दाखवले आणि तीनच आठवले? मास्तरांना? अहो, अख्खा हजेरीपट तोंडपाठ असलेला माणूस!… बरं, मग?… 'जे आठवेल ते सांगा' म्हणालात. आणि?… माझ्या चिठ्ठ्या? धडाधड?… 'आपल्या कुंडीतील पाणी रोज माझ्या सदऱ्यावर पडत असून, त्यास लवकरच पालवी फुटेल.' ही? ही पाच वर्षांपूर्वीची आहे! तारखेसकट म्हटली?… 'असून'च्या पुढे थांबले का? तिथं स्वल्पविराम आहे… थांबले.

पाणी पितो जरा.

…हं, बोला. बदल? छे, काही बदल नाही. आहेत तसेच आहेत, खडूस… एक मिनिट. धरा हं.

…हॅलो? वही काढली. मास्तरांच्या चुकांची वही. तारीखवार. आठ वर्षं कोरी होती, बाई. एक अनुस्वार इकडचा तिकडे नाही. हट्टानं लिहायचे, मला सापडू नये म्हणून. यंदा पहिल्यांदा एक सापडली. त्या दिवशी मी दोनदा चहा घेतला. पुढच्या महिन्यात चार. मग अकरा. मग… इथं मी पान उलटलंय. अर्धा शब्द लिहून सोडलेला. आणि मागच्या आठवड्यात तीन दिवस ओळीनं एकच तक्रार, माझ्या रेडिओची. रेडिओ बंद पडून दोन वर्षं झाली.

मला वाटलं, चिडवतायत.

वाचत होतो ना मी. रोज वाचत होतो. मुलगा परदेशात, तो काय बघणार? सगळं माझ्याच समोर येत होतं… काय केलं? गुण दिले. दहापैकी चार. खाली लिहिलं, 'पालकांना घेऊन यावे.' दिवसभर हसत होतो.

…काय? तोच कागद? तोच घेऊन आले तुमच्याकडे?… टेबलावर ठेवून काय म्हणाले?… 'खालचे गृहस्थ उगाच गुण कापत नाहीत.'

…

आहे. फोनवरच आहे. चष्मा पुसत होतो.

मंगळवारी अकरा वाजता? त्यांच्या तपासणीला? मी?… पालक म्हणून? बाई, माझ्यापेक्षा ते तीन वर्षांनी मोठे आहेत… करायचं काय असतं?… शेजारी बसायचं. आणि?… एवढंच?… ते जमेल. पण त्यांना विचारायचं कसं? नऊ वर्षांनी पहिला शब्द कोणता काढावा, आहे का काही तुमच्या संशोधनात?… नाही. वाटलंच.

माझं? मी कोणाचं नाव लिहीन?… पुढचा प्रश्न घ्या… हाच शेवटचा? मग तूर्त कोरा ठेवा.

थांबा, थांबा… दाराखालून कागद आला. हो, आत्ता! माझा आवाज वर जातो, जुनी तक्रार आहे ती. वाचतो… 'खालच्या गृहस्थांस. आपले फोनवरील भाषण फार दिर्घ होत चालले आहे. वर सर्व ऐकू येते. मंगळवारी येणार की नाही, एवढे कळवावे.'

…

काही नाही हो. वेलांटी. पहिली दिलीय. त्याच शब्दाला.

…नाही, नाही. पेनाचं टोपण काढलं होतं. लावलं परत.

बाई, ठेवतो. पायऱ्या चढल्याचा आवाज आला नाही… दाराच्या फटीतून चपला दिसतायत. हलत नाहीत. उत्तर तोंडीच द्यावं लागणार, असं दिसतंय… हो, हो, मंगळवार. अकरा. ठेव—