खोटं कशावरून?

"लस टोचून झाली ना? मग आता अर्धा तास इथे काय अंडी उबवायची?"

मुलुंडच्या लसीकरण केंद्रात मागच्या खुर्चीतले आजोबा सुनेवर कुरकुरले, तसं वनमालाबाईंनी डोकं मोबाइलमध्ये घातलं आणि कान मागे ठेवले.

"तोवर वही काढा, बाबा. फोनवरच्या समुपदेशक मॅडम काय म्हणाल्या? भीती लिहायची, मग ती खरी कशावरून, खोटी कशावरून."

"लिहिलंय की. लिफ्टचं बटण दाबलं की मी मरणार. खोटं कशावरून? आठवड्यात चारदा दाबलं, अजून तुझ्या डोक्यावर बसलोय."

"झकास! आणि हे पान कोरं का?"

"राहू दे गो."

"आई गेल्यापासून तुम्ही घरात मासळी आणू देत नाही. तेच ना?"

"लॉकडाउनात बांगडे आणायला बाजारात मीच गेलो होतो, रुचिरा. आजार मी आणला. माझ्यामुळे गेली ती."

"लिहा. आता खोटं कशावरून, तेही लिहा."

"काय लिहू?"

"तुम्ही बाजारात गेलात, त्याच्या आदल्या दिवशीच मला ताप आला होता. गोळी खाऊन लपवला मी."

वनमालाबाईंचा अंगठा मोबाइलवर तसाच थांबला.

"वर्षभर हे एकटीच घेऊन बसलीस होय गो? सरक इकडे. तुझंही लिहू."