क्लचवरची दोन बोटं

काका : ...मी एवढंच म्हणतो मिस्तरी, माल बाहेरचा आहे हे तेव्हाच सांगायचं होतं.

मिस्तरी : सांगितलं होतं. याच स्टुलावर बसवून सांगितलं. काका, तुमच्या गाडीच्या क्लच प्लेटा कंपनीने बनवायच्या बंद केल्या, आता लोकल मिळतात, त्या टाकतो. तुम्ही म्हणालात, टाका.

काका : टाका म्हणालो. चार महिन्यांत जाळून द्या असं नाही म्हणालो. चढावर मूठ पिळतोय, इंजिन बोंबलतंय, आणि गाडी पुढे सरकेल तर शपथ! काल एक सायकलवाला मला मागे टाकून गेला. वर आणखी वळून हसला.

मिस्तरी : क्लच स्लिप होतोय. इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही, मधेच निसटतो.

काका : तेच म्हणतोय. तुमच्या प्लेटा.

मिस्तरी : प्लेटांच्या नावाने खडे फोडण्याआधी बघू तर द्या. याच खोक्यातला दुसरा संच दूधवाल्याच्या गाडीत टाकलाय. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून फिरतो तो, त्याची काही रड नाही. जरा लिव्हर दाबा. हं. ढील बरोबर आहे, नाण्याच्या जाडीएवढी. म्हणजे केबल ताणलेली नाही. ऑइल कुणी बदललं?

काका : तुम्हीच.

मिस्तरी : मग ऑइलही बरोबर. इथे वाका, वास घ्या.

काका : जळका येतोय.

मिस्तरी : जळकाच. प्लेटा गेल्यात, खरं आहे. पण मालामुळे गेल्या की आणखी कशाने, ते बघायचंय. काढा गाडी. तुम्ही चालवा, मी मागे बसतो.

काका : मागे? तुम्हीच मारून या ना एक चक्कर.

मिस्तरी : मी चालवून काय कळणार? रोज तुम्ही चालवता. का, मागे कुणाला बसवत नाही?

काका : तसं नाही. बसा. म्हणजे, सवय राहिली नाही, एवढंच. पाय नीट ठेवा. ठेवले? बसलात?

(दोघे गाडीवर. दुकानापासून चढापर्यंतचा रस्ता.)

मिस्तरी : निघा की आता.

काका : निघालो की. चालतोय आपण.

मिस्तरी : अरेच्चा! कळलंच नाही हो. पाळण्यात बसल्यासारखं वाटतंय.

काका : पुढे गतिरोधक आहे बरं का.

मिस्तरी : मला कशाला सांगताय?

काका : तोंडातून जातं.

मिस्तरी : आणि हा आरसा बघा. यात मागचा रस्ता दिसायला पाहिजे. मला माझंच थोबाड दिसतंय.

काका : तो तसाच असतो.

मिस्तरी : मागून ट्रक आला म्हणजे?

काका : तो हॉर्न वाजवतो ना.

मिस्तरी : धन्य आहे! बरं, ती डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर काय करतायत?

काका : कुठे?

मिस्तरी : कुठे म्हणजे? लिव्हरवर. दुकानातून निघालो तेव्हापासून तिथेच आहेत. गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही, आणि क्लच अर्धा दाबलेला. काढा ती बोटं.

काका : काढली की हिसका बसतो.

मिस्तरी : कुणाला?

काका : मागच्या माणसाला.

मिस्तरी : मागचा माणूस मी आहे. माझी पाठ धडधाकट आहे. काढा, काढा. हां! बसला हिसका. मेलो का मी? वळवा गाडी, दुकानात चला. कळलं मला सगळं.

काका : काय कळलं?

मिस्तरी : उघडून दाखवतो, असं नको वाटायला की मी माल झाकतोय. लावा स्टँडला. सरका जरा, कव्हर काढू दे... हे बघा. प्लेटेवरचं हे खरबरीत अस्तर गुळगुळीत झालंय, नख लावून बघा. आणि ही लोखंडी प्लेट. रंग कसा दिसतोय?

काका : निळा.

मिस्तरी : तापून तापून निळी पडली. क्लच अर्धा दाबून ठेवला की प्लेटा धड धरत नाहीत, धड सोडत नाहीत. नुसत्या एकमेकींवर घासत बसतात. कंपनीच्या असत्या तरी जळाल्या असत्या, फार तर दोन महिने जास्त काढले असते.

काका : म्हणजे चूक माझी.

मिस्तरी : चूक म्हणत नाही. पण अशी गाडी माणूस उगाच शिकत नाही. मागे कोण बसायचं?

काका : ताई. माझी थोरली बहीण. शाळेत शिकवायची. तिचा मणका सरकलेला, डॉक्टर म्हणाले दुचाकीवर बसायचं नाही. चालणं तर त्याहून जमत नव्हतं. नोकरी सोडते म्हणाली. मी म्हटलं, थांब. मागच्या सीटवर काठोकाठ भरलेलं पातेलं बांधलं आणि रिकाम्या मैदानात फेऱ्या मारल्या. पाणी सांडेना झालं, तेव्हा तिला बसवली.

मिस्तरी : पातेलं?

काका : झाकण न लावता. तेव्हापासून ती निवृत्त होईपर्यंत रोज सोडली, रोज आणली. डाव्या खांद्यावर हात ठेवायची. दुखलं तर बोलायची नाही, बोटं रुतायची फक्त. मग मी आणखी हळू. आरसा तिच्या तोंडावर लावला होता, म्हणजे कपाळाला आठी आली की कळायचं.

मिस्तरी : मग आता? ताई... गेल्या का?

काका : छे छे! भलतंच काय बोलताय. लग्न झालं तिचं.

मिस्तरी : लग्न? थोरल्या बहिणीचं?

काका : गेल्या वर्षी. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

मिस्तरी : काय सांगता!

काका : त्याच शाळेतले भूगोलाचे मास्तर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती त्यांची. भला माणूस. ती नको नको म्हणत होती, मीच मागे लागलो. साक्षीदार म्हणून सही माझी आहे. गावभर सांगत सुटलो होतो, आमच्या ताईचं लग्न म्हणून.

मिस्तरी : चांगलंच झालं की.

काका : चांगलंच झालं. तीच तर पंचाईत आहे. कुणी मेलं तर लोक भेटायला तरी येतात, मिस्तरी. बहिणीचं चांगलं झालं आणि मी एकटा पडलो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? घरात आम्ही दोघंच होतो. आता मी खोकलो तरी माझं मलाच दचकायला होतं.

मिस्तरी : म्हणून गेल्या महिन्यात हॉर्न दाखवायला आलात. त्याआधी इंडिकेटर. चांगला होता हो तो हॉर्न.

काका : चांगलाच होता. इथे आलं की बोलणं होतं. थांबा, फोन वाजतोय. स्पीकरवरच घ्यावा लागतो, नाहीतर ऐकू येत नाही. हॅलो, ताई.

ताई : धाकट्या! जेवलास?

काका : जेवलो.

ताई : काय जेवलास?

काका : जेवण.

ताई : म्हणजे नाही जेवलास. या रविवारी येतोयस ना? ह्यांनी वरची खोली रिकामी केलीय तुझ्यासाठी. स्वतः झाडली. मला जिन्याला हात लावू दिला नाही.

काका : नाही गं जमत. गाडी नाही गं ओढत तुमच्या चढावर. मिस्तरी म्हणतो महिना लागेल गं, पार्टच मिळत नाहीत.

ताई : मागच्या महिन्यातही महिनाच म्हणाला होता तो. कसला मिस्तरी आहे हा? ह्यांना पाठवते, गाडीत बसून ये.

काका : नको, नको. ठेवतो गं, मिस्तरी हाक मारतोय.

मिस्तरी : मी कधी हाक मारली? आणि महिना कधी म्हणालो? तासाभराचं काम आहे हे. तुमच्या बहिणीसमोर माझी अब्रू काढलीत की!

काका : माफ करा. चुकलं.

मिस्तरी : चढ कारण नाही. का जात नाही तुम्ही?

काका : गेलो होतो एकदा. छान ठेवलंय त्यांनी तिला. घर मोठं, उजेड भरपूर. त्यांचा चष्मा कुठे असतो, गोळी कधी घ्यायची, सगळं तिला ठाऊक झालंय. निघालो तेव्हा दोघं दारात उभी होती. मी किक मारली, आरशात बघितलं आणि म्हणालो, बस.

मिस्तरी : कुणाला?

काका : तिला. चल, बस म्हणालो. रोज म्हणायचो तसं. ती हसली, भावोजी हसले, मीही हसलो. आणि मग घरापर्यंत रिकामी सीट बघत आलो. पुन्हा नाही गेलो. फार आठवण येते हो तिची. दुसरं काही नाही.

मिस्तरी : हे धरा. नव्या प्लेटा आहेत, ऑइलमध्ये भिजवून ठेवल्या होत्या. एकेक करून माझ्या हातात द्या. आणि या चार स्प्रिंगा. त्याही लोकलच, आधीच सांगतो. पण जुन्यांपेक्षा कडक आहेत.

काका : कडक कशाला?

मिस्तरी : लिव्हर जड होईल. दोन बोटांनी धरून ठेवलंत तर पुढच्या वळणापर्यंत हात भरून येईल. झक मारत सोडाल. तोंडाने सांगून तुम्ही ऐकणाऱ्यातले नाही.

काका : आणि ती बसली तर? समजा कधी आली इकडे, बसली मागे, तर?

मिस्तरी : तर गाडी घेऊन या. तुमच्या जुन्या मऊ स्प्रिंगा या डब्यात ठेवतो, भंगारात टाकत नाही. उभ्या उभ्या बदलून देईन.

काका : नक्की ठेवाल?

मिस्तरी : डब्यावर मोटारसायकलचा नंबर घालून ठेवतो, झालं? कव्हर बसलं. आता आरसा फिरवतो.

काका : आरसा राहू द्या.

मिस्तरी : वरच्या रस्त्याला ट्रक असतात, काका.

काका : राहू द्या म्हटलं ना.

मिस्तरी : तुम्हाला काही झालं तर ती बाई मला विचारेल. मघाशीच माझ्यावर भडकलीय.

काका : बरं, फिरवा.

मिस्तरी : शाब्बास. चढाच्या टोकापर्यंत जाऊन या. मी इथेच आहे.

(थोड्या वेळाने. काका चढावरून परत येतात.)

काका : आलो. जाऊन आलो.

मिस्तरी : इतक्यात? ओढते?

काका : ओढते. सायकलवाला असता तर बरं झालं असतं. निघताना हिसका बसतो मात्र.

मिस्तरी : बसणारच. हात?

काका : दुखतोय.

मिस्तरी : उत्तम. आता लावा फोन. माझ्यासमोर लावा, माझी अब्रू परत करा.

काका : हॅलो, ताई? रविवारी येतो.

ताई : गाडी?

काका : झाली. मिस्तरी चांगला आहे. महिन्याचं मीच खोटं बोललो.

ताई : माहितीये. खोटं बोलताना तू शब्दागणिक गं लावतोस, लहानपणापासून. रविवारी म्हणजे सकाळी ये. जेवायलाच ये. आणि राहायचं.

काका : बरं.

ताई : नुसतं बरं नको. हळू ये. हिसके देऊ नकोस.

काका : कुणाला देणार, ताई? मागे कुणी नसतं आता.

ताई : ह्यांच्या गाडीत मी पुढे बसते रे, पट्टा लावून. पण कुठे हिसका बसला की माझा हात अजून तुझ्या खांद्याकडे जातो. समोर काच असते.