मनकर्णाबाईंची खळ

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मालक माननीय नत्थुजी साहेब, व्यासपीठावरचे उत्पादन प्रमुख श्याम सर, सत्कारमूर्ती मनकर्णाबाई तायडे, पहिल्या रांगेत बसलेली त्यांची मुलगी संध्या, आणि सर्व बंधू-भगिनींनो,

तपासणी विभागातर्फे मी दोन शब्द बोलावेत असं ठरलं आहे. शाल झाली, श्रीफळ झालं. ‘सव्वीस वर्षांची निष्ठावान सेवा’ असं श्याम सर म्हणाले, ते खरंच आहे. मी त्यात थोडी भर घालते.

आपण तापाची गोळी करतो. नव्या मंडळींसाठी सांगते, औषधाची पूड नुसती दाबली तर गोळी होत नाही, भुगा होतो. तिला धरून ठेवायला खळ लागते, मक्याच्या स्टार्चची, पाण्यात शिजवलेली. घरी कुरडयांचा चीक शिजतो, तेच हे रसायन. पांढरं पाणी एका क्षणी काचेसारखं होतं आणि पळी जड लागते. खळ पातळ राहिली तर गोळी डब्यातच फुटते. फार घट्ट झाली तर पोटात गेल्यावरही फुटत नाही.

मी अमरावतीला एम.एस्सी. केलं, पण ती पळी कधी जड होते हे मनकर्णाबाईंकडून शिकले. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, किती मिनिटं शिजवता? त्या म्हणाल्या, “घरी सैपाक घड्याळ पाहून करता काय, मॅडम?” सगळे हसले होते. मलाही हसायला हवं होतं.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मक्याचं स्टार्च मिळेना, म्हणून बटाट्याचं आलं. ते जास्त घट्ट होतं, त्याला पाणी अधिक लागतं. कृतीच्या कागदावर तसा बदल करणं हे माझं काम होतं. मी केला नव्हता. त्या दिवशी मनकर्णाबाईंनी मला खळीजवळ बोलावलं.

“मॅडम, हे खळ भल्ली घट्ट होऊन राहिली. पाणी वाढवू द्या.”

मी म्हटलं, कागदावर पाच लिटर आहे, पाचच घाला.

“मंग कागदालेच ढवळा,” त्या म्हणाल्या. पण पाणी त्यांनी पाचच लिटर घातलं. कागदाबाहेर काही करायचं नाही हा नियम मीच त्यांना शिकवला होता.

गोळ्या तपासणीला माझ्याकडे आल्या. सहा गोळ्या जाळीच्या नळ्यांत घालायच्या आणि अंगाइतक्या कोमट पाण्यात वरखाली करायच्या. पंधरा मिनिटांत सगळ्या फुटून जाळीतून गेल्या पाहिजेत. पाच गेल्या. सहावी तशीच राहिली. अशा वेळी आणखी बारा गोळ्या घेऊन पुन्हा तपासायचं असतं. मी तपासलं नाही. ‘चौदा मिनिटं, सर्व’ असं नोंदवून सही केली. का केली? माल न्यायला गाडी दारात उभी होती. पण गाडी रोजच उभी असते. रोजनिशीत मी याचं कारण चार वेळा लिहिलं आहे आणि चारही वेळा ते वेगळं आहे.

हो साहेब, वेळेचं लक्षात आहे. मला अजून थोडा वेळ लागेल.

दोन महिन्यांनी परतवाड्याच्या पुढच्या एका उपकेंद्रातून नर्सबाईंचं पत्र आलं. लहान मुलांना अर्धी गोळी चमच्याभर पाण्यात भिजवून देतात, तर ती भिजतच नाही. ताप उतरत नाही. आपण उरलेला माल परत मागवला. निम्मा वापरून झाला होता. तो ज्यांनी घेतला त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

चौकशीचा अहवाल माझ्याच हातचा आहे. ‘खळ शिजवणाऱ्या कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा.’ तो याच हॉलमध्ये सगळ्यांसमोर वाचला गेला आणि मनकर्णाबाईंना खळीवरून काढून पॅकिंगला बसवलं. चार वर्षं त्यांनी डब्यांना चिठ्ठ्या लावल्या.

गेल्या सोमवारी मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, बाई, ती चूक माझी होती.

“मले काय सांगता? मले तं तवाच माहीत होतं.”

“मग चौकशीत बोलला का नाहीत?”

“बोलली ना. तुमीच लिहून घेत होत्या. तुमी लिहिलंच नाही.”

मला ते आठवत नव्हतं. घरी येऊन कागद काढले. त्यांचा जबाब तीन ओळींचा आहे आणि त्यात पाण्याचा उल्लेख नाही. त्या म्हणतात तसंच झालं असणार.

मी माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, “माफी मांगू नोका. तो कागद समद्याइसमोर वाचला होता. माही पोरगी तवा तिथंच पॅकिंगले होती, तिनं ऐकला. आता तिच्यासमोर दुसरा वाचा.”

संध्या, तो दुसरा कागद असा आहे. ‘स्टार्च बदलल्यावर कृती बदलली नाही, ही चूक माझी. मनकर्णाबाई तायडे यांनी वेळीच सांगितलं होतं, ते मी ऐकलं नाही. तपासणीची नोंद मी खोटी केली. चौकशीत त्यांचं म्हणणं मी लिहिलं नाही.’ खाली माझी सही आहे.

हे वाचताना काहीच वाटत नाही, आणि याचं काय करायचं तेही मला कळत नाही.

मनकर्णाबाईंना तपासणी विभागातर्फे शुभेच्छा देते. अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी आभारी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर सांभाळून घ्यावं. त्या अहवालाच्या बाबतीत मात्र सांभाळून घेऊ नये.

नत्थुजी साहेब, कागद आपल्यासमोर ठेवते. पोच म्हणून सही करावी आणि त्यावर आजचीच तारीख घालावी. उद्यापासून मनकर्णाबाई इथल्या कर्मचारी नाहीत.