तिळाएवढा तुकडा

डोळ्यांत थेंब घालून शिक्षिकाबाईंना अर्धा तास मिटून बसायला सांगितलं होतं. मागच्या बाकावरचं जोडपं त्यांना फक्त ऐकू येत होतं.

“चुना उडाला उजव्यात आणि कात्री लावणार डाव्याला. हा कुठला न्याय?”

“अहो, उजव्यातल्या मूळ पेशी जळून गेल्यात. डाव्यातून तिळाएवढा तुकडा घेणार, पेशी वाढवणार आणि उजव्यात बसवणार. दोनदा समजावलं डॉक्टरीणबाईंनी.”

“आणि डावाही गेला म्हणजे? भिंती काय चाचपून रंगवू?”

“माझ्या डोळ्यातला घ्या म्हटलं मी. दुसऱ्याच्या पेशी अंगाला सहज मानवत नाहीत म्हणाल्या.”

“तू विचारलंस असं?”

“तुम्ही फॉर्म भरत होतात तेव्हा.”

“मी काही घाबरलेलो नाही. आपलं उगाच विचारतोय.”

“हो ना. म्हणूनच आठ दिवस डावाही मिटून घेऊन घरभर फिरताय.”

“तू स्वयंपाकघरात असायचीस.”

“असायचे. आणि तुम्ही कामावर गेलात की झाडून झाल्यावर प्रत्येक खुर्ची होती तिथेच परत ठेवायचे. चला, आपलाच नंबर पुकारतायत.”