शून्यावरचा काटा आणि जमिनीवर आडव्या पडलेल्या बायका

...आणि वर तो बॉयलर दुरुस्त करणारा गेथिन मला फोनवर विचारतो, "मिस्टर प्रॉसर, काटा बघितलात का?" अरे, काटाच तर बघतोय! सकाळी उठून लोक खिडकीबाहेर बघतात, पाऊस आहे की नाही, आणि मी आपला हातात चहाचा मग, चष्मा कपाळावर, स्वयंपाकघरातल्या त्या पांढऱ्या पेटीसमोर वाकून उभा, जसा काही देवळात आलोय! आणि काटा? शून्यावर!

तुम्हाला सांगतो, हा बॉयलर म्हणजे मोठा मानी प्राणी. पाणी तापवणार, ते भिंतींवरच्या लोखंडी रेडिएटरमधून फिरवून घर गरम ठेवणार, सगळं करणार, पण त्याला पाण्याचा दाब लागतो. काटा एक आणि दीडच्या मध्ये असला की स्वारी खूश, आणि दाब पडला की रुसून बसते, लाल दिवा लावते आणि ढिम्म हलत नाही. मग तुम्ही गुडघ्यावर बसायचं, खालच्या नळीचे दोन चिमुकले नळ फिरवायचे, आत पाणी सुर्रकन शिरतं, काटा चढतो, एक... सव्वा... दीड, बंद! झालं. कोणीही करेल. मीही केलं. छाती फुगवून बायकोला हाक मारली, "मायरवेन! झालं बघ!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटा? शून्यावर!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, दोन स्वेटर घाला. घातले हो! मी आणि मायरवेन चार स्वेटर घालून बसलो असतो. आमच्या या वेल्सच्या खोऱ्यात जन्म गेला, जानेवारी काय आम्हाला नवीन आहे? पण प्रश्न मॅमचा होता. मॅम म्हणजे माझ्या सासूबाई, ओल्वेन. वय नव्वदीला टेकलेलं, वजन ओल्या मांजराएवढं, आणि नुकत्याच निमोनियाला चारीमुंड्या चीत करून हॉस्पिटलच्या खाटेवर उठून बसलेल्या! डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तयारी ठेवा. आम्ही तयारी ठेवली आणि ह्या बाईंनी नाश्ता मागितला. आता बोला!

पण घरी सोडायचं तर अट होती. आमच्या भागातली नर्स, मेलेरी, गुरुवारी घर बघायला येणार. घर गरम असेल तर मॅम घरी, नसेल तर डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात. मॅमनी खाटेवरूनच जाहीर केलं, "मी पलीकडे जाणार नाही. तिकडचे लोक बेसूर गातात." मायरवेन हसली, पण गाडीत येऊन बसल्यावर मात्र तिचं हसू मावळलं. हात मांडीवर, नजर समोर. म्हणाली, "इडवल, ती तिकडे गेली तर परत येणार नाही." मी गाडी सुरू केली.

आणि मग सुरू झाली माझी शोधमोहीम. पाणी जातंय म्हणजे कुठेतरी गळतंय, बरोबर? मी टॉयलेट पेपर घेऊन प्रत्येक रेडिएटरचा प्रत्येक सांधा पुसला, एखाद्या तान्ह्या बाळाला पुसावं तसा. कोरडा! बाहेरच्या भिंतीतून बॉयलरची एक नळी निघते, जास्तीचं पाणी सोडायला. तिला प्लॅस्टिकची पिशवी बांधली. शेजारीण काइनवेन कुंपणावरून विचारते, "इडवल बाळा, भिंतीला सर्दी झाली का रे?" पिशवी कोरडी! छत बघितलं, एक डाग नाही. आणि काटा? शून्यावर!

शेवटी गेथिन आला. पोरगा हुशार, त्याने पेटी उघडली, आत बघितलं, ठोकलं, ऐकलं, झाकण लावलं. म्हणतो, "बॉयलर ठणठणीत आहे हो. तुमची जमीन पाणी पितेय." म्हणजे? म्हणजे आमच्या लाकडी जमिनीखालून पाइप जातात, त्याच्याखाली माती, पाइप कुठेतरी गळतोय आणि माती गटागटा पितेय, वर थेंब दिसत नाही. "कुठे गळतोय?" "तेच तर! सगळ्या फळ्या उचकटाव्या लागतील. दोन-तीन दिवसांचं काम. पुढच्या आठवड्यात येतो." मी म्हटलं, "अरे गुरुवारी नर्स येणार!" "मग गुरुवारपर्यंत जागा शोधून ठेवा. एक फळी, एक सांधा, तुमचा चहा उकळायच्या आत दुरुस्त करतो." आणि गेला की! जागा शोधून ठेवा म्हणे! मी काय मुंगूस आहे?

मी स्वयंपाकघरात डोकं धरून बसलो. आणि मायरवेन म्हणाली, "गळतंय म्हणजे आवाज होत असणार."

आता इथे तुम्हाला माझ्या बायकोच्या कानाबद्दल सांगायलाच हवं. ही आमच्या चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या, बायकांचा गाण्याचा ताफा चालवते. चाळीस बायका एकदम गात असतात, आणि ही मध्येच हात वर करते, "नेस्टा, दाढ दुखतेय का? सूर डावीकडून येतोय." आणि दाढ दुखत असते! मी माडीवर बिस्किटांचा डबा उघडला तर खालून ओरडते, "आल्याची नकोत, पित्त होतं!" डबा कुठला ते आवाजावरून कळतं हो तिला! असल्या बाईबरोबर संसार करणं म्हणजे काय, ते माझं मला माहीत. पण कान म्हणजे कान!

तिने फोन उचलला. आणि गुरुवारी सकाळी आमच्या दारात बायका! हातात केक, अंगात जाड कोट, कारण घरात आत आणि बाहेर सारखीच थंडी. काइनवेन होती, नेस्टा होती, नेस्टाची नणंद होती, आणि दोघीजणी तर अशा, की एकमेकींशी वर्षभर बोलत नव्हत्या, त्याही आल्या. "ओल्वेनसाठी ना? मग काय!" म्हणे.

मायरवेन जिन्याच्या पायरीवर उभी राहिली. "बारीक आवाजाच्या वर! जाड आवाजाच्या खाली! कान जमिनीला! इडवल, पाणी भर दीडपर्यंत, तिथेच बस, काटा पडला की बोट वर कर. बोलायचं नाही. आणि पोट वाजवू नकोस." आता पोट काय मी वाजवतो? ते वाजतं! तिने फ्रिज बंद केला, भिंतीवरचं घड्याळ काढून बाहेर गाडीत ठेवलं, कुत्र्याला शेजारी पाठवलं... आणि मग शांतता! अहो काय शांतता! घरभर बायका पालथ्या पडलेल्या, कोट पसरलेले, पाय बाहेर, कोणी सोफ्याखाली, कोणी जिन्याखाली, श्वास धरून! एरवी ह्यातल्या पाच जणी एकत्र आल्या तर दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जातं. आणि मी बघतोय काटा... सरकतोय... दीडच्या खाली... सव्वा... मी बोट वर केलं.

आणि नेमकी दारावरची घंटा!

मी पळत जाऊन दार उघडलं, तोंडावर बोट ठेवून. दारात नर्स मेलेरी. तिने माझ्या खांद्यावरून आत बघितलं, जमिनीवर बायकाच बायका. तिचा चेहरा पांढराफटक. कुजबुजत विचारते, "मिस्टर प्रॉसर... किती जणी?" तिला वाटलं, बॉयलरचा गॅस गळून सगळ्या गेल्या! तिने मला कॉलर धरून बाहेर ओढलं, मी खोकलो, आणि आतून चौदा बायका एका सुरात, "शूऽऽऽ!" तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, आता ही वही बंद करणार आणि निघणार. घर थंडगार, यजमान वेडा. पण ती कान टवकारून आत वळली. कारण आत तोवर भांडण पेटलं होतं! वरच्या बायका म्हणतात, न्हाणीघराखाली, खालच्या म्हणतात, बैठकीच्या खोलीत. "आम्हाला स्पष्ट ऐकू येतंय!" "तुम्हाला एरवी तालही ऐकू येत नाही!" "काय म्हणालीस?" झालं! आणि मायरवेन मधोमध उभी, पहिल्यांदाच मी तिला गोंधळलेली बघितली. दोन्हीकडे काहीतरी ऐकू येत होतं तिला. आणि एकच फळी उचकटायची होती.

मेलेरीने कोट काढला. बॅग उघडली. आणि तुम्हाला सांगतो, तिने गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला आणि आमच्या जमिनीवर गुडघे टेकले! न्हाणीघरात ऐकलं, "हा टाकीचा नळ, ठिबकतोय, पण हा तो नव्हे." खाली आली, बैठकीच्या खोलीत एकेक फळी तपासत सरकली, पेशंटची छाती तपासावी तशी, इथे... नाही... इथे... आणि पियानोपाशी थांबली. डोळे मिटले. मग स्टेथोस्कोप काढून मायरवेनच्या कानात घातला. मायरवेन ऐकत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "सुस्कारा टाकतोय," म्हणाली, "अगदी मॅमसारखा."

पियानो कोणी हलवला? मी पुढे झालो तर मला म्हणतात, "तू काट्याकडे बघ!" त्या न बोलणाऱ्या दोघी एका बाजूला लागल्या, "उचल गं!" "उचलतेय गं!" आणि पियानो हलला. फोन करताच गेथिन आला, एक फळी काढली, खाली हिरवा पडलेला सांधा, त्यातून बारीक फवारा. त्याने दुरुस्त केला, आणि खरंच, चहा उकळायच्या आत! पाणी भरलं, बॉयलर पेटला, रेडिएटर एकेक करून कोमट, मग गरम. मेलेरी बायकांच्या मधोमध बसून केक खात खात तासभर काट्याकडे बघत बसली. काटा? दीडवर! हलेना! जाताना म्हणाली, "आणा मॅमना." आणि दारात वळून मायरवेनला हळूच म्हणाली, "तुमच्या ताफ्यात जागा आहे का हो?"

शनिवारी मॅम घरी आल्या. मी त्यांना हातावर उचलून आत आणलं. घर असं ऊबदार, की पाव ठेवला तर फुगेल! सगळ्या बायका रांगेत उभ्या, डोळे भरलेले, मायरवेनने मॅमना रेडिएटरजवळच्या खुर्चीत बसवलं, शाल घातली. मॅमनी सगळ्यांकडे बघितलं. शाल काढली. आणि मला म्हणाल्या, "त्या हॉस्पिटलात तीन आठवडे उकडून काढलंय मला. इडवल, खिडकी उघड."

तेव्हापासून आमच्या घरात रेडिएटर चालू, खिडक्या सताड उघड्या, मॅम टुणटुणीत, आणि मी हा असा... कोट घालून बसतो.